लहान मुलांना ई-मेल शिकवताय? आधी या चुका टाळा

कोपरखैरण्याला आमच्या वसाहतीच्या समाजमंदिरात दर शनिवारी दुपारी मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. सात ते अकरा वर्षांची बारा मुलं आणि चार जुने लॅपटॉप. कुणी धडाधडा वाचतं, कुणाला अजून जोडाक्षरं अडतात. एका मुलीचा उजवा हात नीट चालत नाही. एकाला जाड चष्म्यातूनही अक्षर डोळ्यांपाशी न्यावं लागतं. एक मुलगा फार थोडं बोलतो आणि सगळं सावकाश करतो. या सगळ्यांना ई-मेल पाठवता येतो. पण तिथवर पोचायला सुरुवातीच्या माझ्या चुकांमुळे उगाच उशीर झाला. तुमचा होऊ नये.

खातं उघडण्यापासून सुरुवात करू नका

माझा पहिला शनिवार यातच गेला. गूगलचं खातं मुलाला स्वतः उघडायचं तर वयाची 13 वर्षं पूर्ण लागतात. त्याहून लहान असेल तर आईवडिलांनी गूगलच्या फॅमिली लिंक या ॲपमधून उघडून द्यायचं. जन्मसाल मागे ढकलायचा मोह होतो, तो टाळा. खातं बंद पडू शकतं, आणि मुलाच्या देखत आपण खोटं लिहिलेलं असतं.

मी तेव्हा पालकांची खाती वापरायचं ठरवलं. आमच्याकडे बऱ्याच मुलांचे वडील माथाडी कामगार. पासवर्ड टाकल्यावर गूगलने खातरजमा करायला वडिलांच्या फोनवर विचारणा केली, आणि वडील वाशीच्या मार्केटमध्ये पोती उतरवत होते. मुलं पडद्याकडे बघत बसून राहिली. आता वर्गाचं एकच खातं आहे, माझ्या नावावर. प्रत्येक पत्राखाली मूल आपलं नाव लिहितं. स्वतःचं खातं नंतर, घरी, पालकांच्या समोर.

मेल पाठवायला घेण्याआधी दोन शनिवार लॅपटॉप उघडायचेच नाहीत. कागदावर तीन चौकटी आखायच्या: कोणाला, विषय, मजकूर. 'विषय' या चौकटीत मुलं हमखास अडकतात. कुणी 'मेल' एवढंच लिहितं, कुणी अख्खं पत्र तिथेच कोंबतं. मी विचारते, "आजीने दार उघडायच्या आत बाहेरूनच एक वाक्य ओरडून सांगायचंय, काय सांगशील?" लगेच उत्तर आलं, "खाडीत फ्लेमिंगो आलेत!" झाला विषय.

@ साठी घाई नको

या एका चिन्हावर आमचा जवळजवळ एक तास गेला, आणि तो जायलाच हवा होता. 1971 साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने माणसाचं नाव आणि त्याच्या कॉम्प्युटरचं नाव वेगळं ओळखू यावं म्हणून हे चिन्ह निवडलं. मुलांना मी ते 'च्या घरी' असं वाचायला सांगते. डावीकडे माणूस, उजवीकडे घर. एवढं कळलं की डावी-उजवी बाजू उलटी लिहायची चूक बंद होते.

उजवा हात न चालणाऱ्या मुलीला शिफ्ट आणि 2 एकदम दाबता येईनात. तिने अंगठ्याने शिफ्ट धरून करंगळी 2 पर्यंत ताणली, ती निसटली, पुन्हा ताणली. मी "थांब, मी दाबते" म्हणणार होते. हीच ती चूक. विंडोजमध्ये शिफ्ट ओळीने पाच वेळा दाबली की स्टिकी कीज चालू करायचं का, असं विचारतं. 'हो' म्हटलं की आधी शिफ्ट, मग सवडीने 2, असं एकेक दाबता येतं. तिने @ उमटवलं आणि बोट तसंच हवेत धरून माझ्याकडे बघितलं.

@ च्या जागी भलतंच काही उमटत असेल तर बहुधा मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू राहिलेला असतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून इंग्रजी करा.

हुशार आणि कच्ची अशी वाटणी करू नका

मी एका भरभर करणाऱ्या मुलीशेजारी त्या सावकाश मुलाला बसवलं. पाच मिनिटांत माऊस तिच्या हातात आणि तो खिडकीबाहेर बघतोय. तिचा दोष नव्हता, मदत कशी करायची हे मी तिला सांगितलंच नव्हतं. आता नियम असा: कळफलक ज्याच्यापुढे, हात त्याचेच. शेजारच्याने हाताची घडी घालून फक्त तोंडाने सांगायचं. तोंडाने सांगायचं म्हणजे तिलाही पायऱ्या नीट माहीत हव्यात, त्यामुळे तिचंही शिकणं पक्कं होतं.

वाटणी करायचीच तर पत्राच्या लांबीची करा. कुणाचं पत्र दहा ओळींचं, कुणाचं एका शब्दाचं, पण पाठवायचं प्रत्येकाने स्वतः. लिहिणं जड जातं त्याने फोनच्या जीबोर्डवरचा, म्हणजे गूगलच्या कळफलकावरचा, माईक दाबून मराठीत बोलावं. शब्द चुकीचे पडतात, म्हणून मग ते त्याला मोठ्याने वाचून दाखवा. शुद्धलेखन मात्र तुम्ही सुधारू नका. आजीला नातवाची भाषा हवी असते, आपली नाही.

दिसायला त्रास असलेल्यासाठी कंट्रोल आणि अधिक दाबून पान मोठं करा. फार मोठं केलं की 'पाठवा'चं बटण खाली दडतं, अशा वेळी कंट्रोल आणि एंटर दाबलं तरी पत्र जातं.

काही नेहमीच्या अडचणी

पत्ता चुकला तर इंग्रजीत लांबलचक मेल परत येतो आणि मुलं घाबरतात. "ताई, काहीतरी बिघडलं!" पोस्टमनने पत्ता सापडला नाही म्हणून पत्र परत आणलं, एवढंच सांगा आणि पत्ता अक्षर-अक्षर ताडून बघा. बहुतेक वेळा एखादं अक्षर गळलेलं असतं, नाहीतर एखादं जास्तीचं पडलेलं.

अर्धवट पत्र जाणं रोजचंच. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'पाठवलेलं मागे घ्या' याची मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती पहिल्याच दिवशी वाढवा. फोटो लावा, पण व्हिडिओ नको. 25 एमबीच्या वर गेलं की जोडपत्र जात नाही.

उत्तराची सोय न करता पत्र पाठवू नका

ही चूक मला सगळ्यात लागली. बारा पत्रं गेली आणि पुढच्या शनिवारी उत्तरं आली फक्त तीन. बाकीच्या नऊ मुलांनी वर्गात आल्या आल्या इनबॉक्स बघितला आणि मग दिवसभर कशातच मन घातलं नाही.

आता मी आधी फोन करते. साताऱ्याकडच्या, जुन्नरकडच्या आजी-आजोबांना, मामांना, काकूंना. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या, दोन ओळी पुरेत, मराठीतच लिहा, आणि मुलाने जे लिहिलंय त्याबद्दल एक प्रश्न विचारा. त्या सावकाश मुलाने पत्रात एकच शब्द लिहिला होता, 'म्हैस'. आजोबांचं उत्तर आलं: "व्याली. रेडकू झालं. नाव काय ठेवू?" तो पुढचा अख्खा तास कळफलकावरून उठला नाही.