चरणांमधल्या मोकळ्या ओळी अशा घालवल्या

खानापूरजवळच्या आमच्या गावच्या भजनी मंडळासाठी अभंगांची टेक्स्ट फाइल पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून वाचून कागदावर काढत होतो. प्रत्येक चरणाखाली एक ओळ मोकळी! एका पानाचा अभंग दोन पानांवर गेला.

फाइलमधून वाचलेल्या ओळीच्या शेवटी सहसा नव्या ओळीचं चिन्ह असतं. त्यात प्रिंट (मजकूर बाहेर काढणारं फंक्शन) स्वतःचं आणखी एक जोडतं. प्रिंटमध्ये 'एंड'ला, म्हणजे शेवटी काय जोडायचं त्या जागी, रिकामी स्ट्रिंग (काहीच अक्षर नसलेला मजकूर) दिली आणि चरण एकाखाली एक बसले.

त्याआधी नुसतं स्ट्रिप लावलं होतं; ते ओळीच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा कापतं. ते करू नका. ध्रुपदाआधी मुद्दाम सोडलेली जागाही त्यात गेली. कापायचंच असेल तर आरस्ट्रिपला (हे फक्त शेवटाकडून कापतं) फक्त नव्या ओळीचं चिन्ह द्या. आमची काही पदं कानडी आहेत, म्हणून फाइल उघडतानाच एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ लिहितो.

वाचलेल्या जागेत अक्षर मोठं केलं. पेटीवर बसणाऱ्या आप्पांना ते आता लांबूनही दिसतं.