जीएनएसएसमध्ये (उपग्रहांवरून स्थान शोधण्याच्या क्षेत्रात) यायचंय? मग आधी घड्याळं शिका

आमच्या टीममध्ये इलेक्ट्रॉनिक्सची नवी मुलं येतात तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात जीपीएस म्हणजे नकाशा असतो, फार तर उपग्रह. सुरुवातीला मी त्यांना ना रिसीव्हर उघडायला देतो, ना कोड. अमेरिकी नौदलाच्या वॉशिंग्टनमधल्या प्रयोगशाळेचा, म्हणजे नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीचा (एनआरएल), १९६४ ते १९७७ हा काळ वाचायला लावतो. कुरकुर होते, पण नंतरचे अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

तिथल्या रॉजर ईस्टन यांचं मूळ काम उपग्रहांचा माग ठेवण्याचं. माग ठेवणाऱ्या केंद्रांची घड्याळं एकमेकांशी जुळवायची कशी, या रुक्ष अडचणीतून १९६४ मध्ये कल्पना निघाली: अचूक घड्याळच वर पाठवू. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी हे कळलं, की फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणायचं, अंतर हातात. ऐकणाऱ्याने स्वतः काहीच प्रक्षेपित करायचं नाही. लपून राहायचं असलेल्या जहाजाला आणखी काय हवं? त्याच वर्षी एका इंजिनिअरच्या गाडीत ट्रान्समीटर ठेवून ती महामार्गावर पळवली आणि गाडीचं अंतर मोजून दाखवलं. नौदलाची आधीची ट्रान्झिट ही उपग्रह-यंत्रणा डॉप्लरवर, म्हणजे उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना त्याच्या लहरींच्या वारंवारतेत होणाऱ्या बदलावर चालायची. उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत थांबा. विमानाला त्याचा काय उपयोग!

मग एनआरएलचे प्रायोगिक उपग्रह टायमेशन-१ (१९६७) आणि टायमेशन-२ (१९६९), दोन्हींत क्वार्ट्झची घड्याळं. १९७३ मध्ये नौदल आणि हवाई दलाचे प्रकल्प एकत्र झाले, त्यातूनच जीपीएस. जीपीएसचा जनक कोण, यावर तिकडे आजही वाद आहेत. मुलाखतीत त्यात पडू नका. माझं मत विचाराल तर संदेशाची रचना मुख्यतः हवाई दलाची, घड्याळं आणि कक्षा एनआरएलच्या. १९७४ च्या एनटीएस-१ या पुढच्या उपग्रहावर रुबिडियमची अणुघड्याळं गेली, जून १९७७ च्या एनटीएस-२ वर सीझियमची.

एनटीएस-२ पाशी मी मुलांना थांबवतोच. सापेक्षतावादानुसार वरचं घड्याळ दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळायला हवं होतं. ते खरंच पळेल का, याबद्दल काहींना शंका होती. म्हणून दुरुस्ती करणारा सिंथेसायझर उपग्रहात बसवला, पण बंद ठेवला. सुमारे २० दिवस घड्याळ तसंच चालू दिलं. अपेक्षा होती एक लाख कोटीत ४४६.५ भाग पुढे पळण्याची, मोजमाप आलं ४४२.५. मग सिंथेसायझर चालू केला. ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश साधारण ११ किलोमीटर जातो, हे एकदा स्वतः गुणून बघा. म्हणूनच आज जीपीएसचं १०.२३ मेगाहर्ट्झचं घड्याळ जमिनीवरच १०.२२९९९९९९५४३ ला लावून पाठवतात.

आपल्याकडेही, म्हणजे नाविक या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक यंत्रणेतही, दुखणं घड्याळांचंच. तिचा पहिला उपग्रह आयआरएनएसएस-१ए, त्यावरची तिन्ही आयात रुबिडियम घड्याळं बंद पडली. अहमदाबादेत घडवलेलं स्वदेशी घड्याळ २०२३ मध्ये तिच्याच एनव्हीएस-०१ या नव्या उपग्रहावरून गेलं. नाविकमध्ये करिअर करायचं असेल तर हे दोन संदर्भ तोंडपाठ हवेत.

आता हाताने करायचं काम. आयजीएस या आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या साइटवरून एक रिनेक्स नेव्हिगेशन फाइल (उपग्रहांच्या घड्याळांची आणि कक्षांची माहिती ठरावीक साच्यात देणारी फाइल) उतरवा, ती फुकट मिळते. उपग्रहाच्या नोंदीत पहिल्याच ओळीवर क्रमांक आणि वेळेनंतर तीन आकडे दिसतील: घड्याळ किती चुकलंय, ती चूक वाढण्याचा वेग, त्या वेगातला बदल. कक्षेचे आकडे त्याखाली. तीन आकड्यांतून दुरुस्ती काढणारा छोटा पायथन प्रोग्रॅम लिहा. मग चार उपग्रहांची समीकरणं मांडा. तीन अज्ञात तुमच्या स्थानाचे, चौथा म्हणजे तुमच्या रिसीव्हरचं स्वस्तातलं घड्याळ, हे तिथे आपोआप कळेल. कक्षा पूर्ण गोल नसल्यामुळे सापेक्षतेची आणखी एक छोटी दुरुस्ती उरते आणि ती रिसीव्हरनेच करायची असते. कक्षेची विकेंद्रता (ती गोलापासून किती लांबट आहे याचं माप) ०.०२ असेल तर ती ४६ नॅनोसेकंदांपर्यंत जाते, म्हणजे जवळपास १४ मीटर. ती गाळून एकदा स्थान काढा, घालून एकदा काढा, आणि दोन्ही आलेख घेऊनच माझ्याकडे या.