कॅज्युअल्टीतली आठवण घरी येते तेव्हा: नव्या सिस्टरांसाठी

जळालेला पेशंट आला की अंगठ्या-बांगड्या लगेच काढायच्या, हे तुम्हाला शिकवलेलंच आहे; हात बघता बघता सुजतो. काचेच्या बांगड्या गॉझमध्ये धरून फोडाव्या लागतात. तो बारीक कट्‌ आवाज मग कासाराच्या दुकानात, हळदीकुंकवाला, कुठेही गाठतो. मला गाठायचा. आवाजामागोमाग ती मुलगी आणि रॉकेलचा वास. तुमच्यातल्या काहीजणींचंही असं होतंय, हे मला दिसतं. म्हणून मी काय करते ते सांगते.

घरचे म्हणतात, ‘विचारच करू नकोस.’ त्याने भागत नाही. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल येतच राहिलं. पण मायकेल अँडरसन यांनी 2001 मध्ये वेगळं करून पाहिलं. शब्दांच्या जोड्या पाठ करून घेतल्या, मग जोडीतला एकच शब्द समोर ठेवला: नजर त्यावरच ठेवायची, त्याचा जोडीदार मनात येऊ द्यायचा नाही. जितक्या जास्त वेळा थोपवला, तितका तो नंतर आठवेनासा झाला. 2004 च्या स्कॅनमध्ये दिसलं की अशा वेळी कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स जोरात काम करतो आणि आठवणी जुळवणारा हिप्पोकॅम्पस मंदावतो. त्यात गाबा या मेंदूतली हालचाल शांत करणाऱ्या रसायनाचा हात असतो. हो, लोराझेपाम हे शांत करणारं औषध ज्याच्यावर काम करतं तेच गाबा.

घरी, निवांत वेळी करा. सगळ्यात भयंकर आठवण पहिल्यांदा घेऊ नका. तिची खूण समोर ठेवा. मी हिरवी बांगडी ठेवायचे. काही सेकंद फक्त तिच्याकडे बघायचं: काचेचा रंग, सोनेरी रेघ, जोड कुठे आहे. चित्र वर यायला लागलं की तिथेच अडवायचं. त्याच्याशी वाद नको, दुसरं काही आठवायची धडपडही नको, आणि नजर बांगडीवरून हलवायची नाही. सुरुवातीला ते घुसतंच. घुसलं तर बाहेर ढकला, थोडं थांबा, पुन्हा बघा.

दुकानच टाळणं म्हणजे हे नव्हे. खूण टाळलीत तर मेंदूला अडवायचा सराव मिळतच नाही.

नुसतं अडवणं जमत नसेल तर त्याच खुणेला दुसरी खरी आठवण आधीच बांधून ठेवा. मी बहिणीच्या डोहाळजेवणातल्या बांगड्या बांधल्या. मेंदूत या दोन्हींच्या वाटा निराळ्या आहेत, म्हणून एका वेळी एकच करा.

ड्यूटीवर मात्र हा सराव अजिबात नको. आठवण थोपवताना हिप्पोकॅम्पस मंद झालेला असतो, त्यामुळे त्याच्या आगेमागे घडलेलं दुसरंही नीट साठत नाही. 2016 मध्ये हे प्रयोगात दाखवलं गेलं. ओव्हर घेताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती घेताना, किंवा इंजेक्शन भरताना असं झालं तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको. नाइटहून आल्यावरही आधी झोपा. झोप मोडलेली असली की हा ब्रेक नीट लागत नाही.

आठवण पुसली जात नाही. त्या मुलीचं नाव मला आजही माहीत आहे आणि ते विसरायचं नाहीच. फक्त ती न बोलावता येणं कमी झालं. 2023 मध्ये 16 देशांतल्या 120 जणांना तीन दिवस असा सराव दिला होता. त्यांनी थोपवल्या त्या पुढच्या काळाबद्दलच्या भीती होत्या, घडून गेलेल्या गोष्टी नव्हत्या. तरी अस्वलासारखं काही उसळून आलं नाही, उलट मन हलकं झालं.

पण महिना उलटूनही स्वप्नं पडतायत, प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटतंय, वॉर्डात पाय ठेवणं नको होतंय, तर एकटीने हे करत बसू नका. पॅरिसमध्ये 13 नोव्हेंबर 2015 च्या हल्ल्यांतून वाचलेल्यांपैकी ज्यांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ राहणारा मानसिक त्रास, झाला, त्यांच्यात हाच ब्रेक कमकुवत आढळला. तो इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. तिथे प्रशिक्षित माणसासोबत आठवण उघडून बघावी लागते, पण तुमच्या वेगाने. घटनेनंतर लगेच कुणी सगळ्यांसमोर ‘बोल, मोकळी हो’ म्हणून मागे लागलं, तर नाही म्हणा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. चेंजिंग रूमच्या दारावर मी तो लिहून चिकटवलाय.