लेकरू सिंगापूरला आहे आणि फोनवर गप्प गप्प राहायलंय? मग हे वाचा

लातूर, नांदेड, संभाजीनगरकडची बरीच पोरं-पोरी आता सिंगापूरला आहेत, कुणी आयटीत, कुणी शिपयार्डात, कुणी शिकायला, आणि घरच्यांना वाटतं लेकरू मार्गी लागलं. मग हळूहळू फोन कमी होतात, आवाज बसका येतो, "झोपच लागत नाही गं आई" असं कधीतरी तोंडातून निघून जातं. अशा वेळी इथं बसून काय करता येतं ते सांगते.

आधी फोनचं बघा. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढं आहे, आपण जेवणं उरकून नऊला फोन लावला की तिकडं साडेअकरा वाजलेले असतात, दमलेलं लेकरू काय बोलणार. सातच्या आत लावा नाहीतर रविवारी. व्हिडिओ कॉलवर सगळं घर गोळा करू नका, ज्याच्याशी त्याचं जमतं त्यानं एकट्यानं बोलावं, मग ती आत्या का असेना. पगार, लग्न, प्लॉटचा हप्ता, हे त्या दिवशी काढूच नका. जेवण, झोप, काम कसं चाललंय एवढं विचारा आणि गप्प बसा, त्याला बोलू द्या. "तुला काय कमी आहे, इथं लोक कसे दिवस काढायलेत बघ" असं म्हणालात की पुढच्या वेळी लेकरू "सगळं मस्त आहे" म्हणून फोन ठेवणार. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोललंच तर विषय बदलू नका, जीव द्यायचे विचार येतात का असं सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट होते.

आता तिथली मदत. १७७१ ही सरकारी मानसिक आरोग्य लाईन २०२५ मध्ये सुरू झाली, चोवीस तास. जीव द्यायचे विचार असतील तर १७६७, सामारिटन्स ऑफ सिंगापूरचा नंबर, १९६९ पासून काम करतात. मोठं सरकारी हॉस्पिटल म्हणजे बुआंगकोकचं इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ, आयएमएच म्हणतात, त्यांची चोवीस तासांची लाईन ६३८९ २२२२ आणि इमर्जन्सीही तशीच उघडी. वर्क परमिटवरच्या, म्हणजे शिपयार्डासारख्या अंगमेहनतीच्या कामावरच्या पोरांसाठी हेल्थसर्व्ह नावाची संस्था आहे. १६ ते ३० वयाच्यांसाठी चॅट म्हणून वेगळी सेवा आहे. पण पहिल्याच दिवशी आयएमएचला जायला पाहिजे असं काही नाही, जवळच्या जीपीकडं, म्हणजे साध्या फॅमिली डॉक्टरकडं गेलं तरी सुरुवात होते. सबसिडी तिथल्या नागरिकांना आणि पीआरवाल्यांना, म्हणजे कायम राहायचा परवाना असलेल्यांना, आपल्या पोरांना फी पूर्ण पडते. कंपनीच्या विम्यात ओपीडीचा सल्ला बसतो का हे आधीच एचआरला विचारायला सांगा, कारण बरेचदा विमा ॲडमिट झाल्यावरचाच असतो.

पोलीस केस होईल ही भीती घरोघरी असते. आत्महत्येचा प्रयत्न हा तिथं १ जानेवारी २०२० पासून गुन्हा राहिलेला नाही, तेव्हा त्या भीतीनं मदत मागायची थांबवू नका. नोकरीच्या अर्जात मानसिक आजार विचारू नये असंही त्याच वर्षापासून कंपन्यांना सांगितलेलं आहे.

एक काम मात्र आजच करून ठेवा, सगळं चांगलं चालू असलं तरी. लेकराचा ब्लॉक नंबर, मजला, सहा आकडी पोस्टल कोड आणि रूममेटचा नाहीतर ऑफिसातल्या एकाचा मोबाईल नंबर वहीत लिहा. तिथं बहुतेक प्रत्येक बिल्डिंगचा पोस्टल कोड वेगळा असतो, तेवढ्यावर ॲम्ब्युलन्स दारात येते. ॲम्ब्युलन्सचा नंबर ९९५ आहे पण तो इथून लागत नाही, म्हणून रूममेटला लावायला सांगायचं आणि तोवर आपण लेकराला फोनवर धरून ठेवायचं, एकटं सोडायचं नाही. आयएमएचला मात्र पुढं ६५ लावून इथूनही फोन करता येतो.

इथल्या डॉक्टरकडनं झोपेच्या गोळ्या घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवायच्या नाहीत बरं का. अशा बऱ्याच गोळ्या तिथं नेण्याआधी एचएसए या सरकारी संस्थेची परवानगी लागते, नाहीतर नेणारा विमानतळावर अडकतो.

आणि "सगळं सोडून ये" असं घाईत म्हणू नका, काही लेकरांना परत यायची लाजच आतून खात असते, उपचार तिथंच सुरू होऊ द्या, यायचं का ते नंतर दोघं मिळून ठरवा. या सगळ्यात आईबापाचीही झोप उडते, तर १४४१६ वर टेली मानस ही आपली सरकारी मानसिक आरोग्य लाईन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, स्वतःसाठी लावा.