रिकर्व्हचं पाउंडेज ठरवताना लिंबवरचा आकडा सोडा, बोटांवरचं वजन मोजा

"उंची किती, वजन किती, मग एवढे पाउंड घे" असा सल्ला तिरंदाजीचा रिकर्व्ह बो (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेताना कोणी दिला तर सरळ सोडून द्या. पाउंडेज म्हणजे बो ओढताना बोटांवर येणारं वजन. रोज जिमला जाणारा माणूसपण पहिल्या महिन्यात 30 पाउंडला थरथरतो, कारण बो ओढून धरायला पाठीचे जे स्नायू लागतात त्यांना तसं काम दुसरीकडे कुठे पडतच नाही.

सुरुवात मोठ्या माणसाने 18 ते 24 पाउंडला करावी, लहान मुलांनी 12 ते 16. रायझर (बोचा मधला, हातात धरायचा भाग) आयएलएफ या प्रमाणित जोडणीचा घ्या, म्हणजे पुढे फक्त लिंब (रायझरच्या वर-खाली बसणारे, वाकणारे दोन भाग) बदलता येतात.

आता खरी अडचण. लिंबवर छापलेलं वजन असतं 28 इंच ड्रॉ लेंथचं (स्ट्रिंग जितकी मागे ओढता ती लांबी), आणि तेही बहुतेक वेळा 25 इंची रायझरवरचं. ड्रॉ एक इंच कमी-जास्त झाला की साधारण 2 पाउंड बदलतात. म्हणजे 28 चे लिंब 26 इंच ओढणाऱ्याला 24 च्या आसपास लागतात आणि 30 इंच ओढणाऱ्याला 32. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी 34 चे लिंब घेतले, माझा ड्रॉ 30 इंच, बोटांवर आले 38, आणि वर्षभर मी "फॉर्म चुकतोय" म्हणून स्वतःलाच दोष देत बसलो, शेवटी उजवा खांदा गेला आणि तीन महिने बो हातात धरता आला नाही. फॉर्म चुकतच होता, पण वजनामुळे.

म्हणून मोजाच. हलका बो घ्या, लांब बाण लावा, नेहमीच्या अँकरला (ओढून झाल्यावर हात चेहऱ्याला टेकतो त्या जागेला) या आणि मित्राला प्लंजरच्या (रायझरमधून बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या बटणाच्या) छिद्राच्या बरोबर वर बाणावर मार्करने खूण करायला सांगा. पहिल्या बाणाला खूण करू नका, तेव्हा सगळेच जास्त ओढतात, पाच-सहा बाण मारून झाल्यावर करा. नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून खुणेपर्यंतचं अंतर अधिक 1.75 इंच, ही तुमची ड्रॉ लेंथ.

मग जो बो वापरणार त्यावर तोच बाण लावून डिजिटल वजनकाट्याचा हुक नॉकच्या खाली स्ट्रिंगला अडकवा, खूण प्लंजरपाशी येईपर्यंत हळू ओढा आणि आकडा मित्राला वाचू द्या. काटा सर्वात मोठा आकडा धरून ठेवणारा असेल तर खुणेच्या पुढे जरासुद्धा जाऊ नका, आकडा फुगतो. आणि तोंड बटकडेच (बाण अडवणाऱ्या टार्गेटकडेच) ठेवा, समोर कोणी नको, हुक निसटला तर बाण खरंच सुटतो.

आकडा कळला, पण तो झेपतो का? बो पूर्ण ओढून 30 सेकंद धरा, एक मिनिट आराम, असं पाच वेळा (बाण लावलेलाच असू द्या, मोकळी स्ट्रिंग हातातून सुटली तर लिंब तुटू शकतात). पाचव्या वेळी खांदा कानाकडे चढला किंवा कंबर मागे गेली तर वजन जास्त आहे, विषय संपला. पहिले सहा बाण मस्त गेले याला माझ्या लेखी काही किंमत नाही. 70 मीटरच्या क्वालिफिकेशनला 72 बाण मारायचे असतात, क्लिकर (ओढ पूर्ण झाली की टक्क वाजणारी पट्टी) शेवटच्या बाणालाही न धडपडता पडला पाहिजे.

ऑलिम्पिकवाले पुरुष साधारण 45 ते 50 पाउंड ओढतात हे खरं, पण त्यामागे वर्षानुवर्षं रोजचे शेकडो बाण असतात. 18 मीटरला तुम्हाला 22 पाउंड भरपूर झाले.

वाढवायचं तर एका वेळी 2 पाउंड, फार तर 4. आधी लिंब बोल्ट (लिंब रायझरला धरणारे स्क्रू) आत घट्ट करून जेवढं मिळतं तेवढं घ्या, साधारण 10 टक्के फरक पडतो, पण वजन कमी करायला बोल्ट सैल करताना कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बाहेर काढू नका. दर बदलानंतर टिलर (वरच्या आणि खालच्या लिंबापासून स्ट्रिंगच्या अंतरातला फरक) आणि ब्रेस हाइट (न ओढलेल्या स्ट्रिंगचं ग्रिपपासूनचं अंतर) तपासा, आणि बाणाचा स्पाइन (ताठपणा) अजून जुळतोय का तेही बघा, वजन वाढलं की जुने बाण मऊ पडतात.