पर्थच्या वाळूत पाणी मुरेना, त्यावरचा उपाय

ऑस्ट्रेलियातल्या पर्थला डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे इथला उन्हाळा, जवळजवळ कोरडेच जातात. पाऊस येतो तो मे ते सप्टेंबर, ऐन थंडीत. उन्हाळ्यात वाफ्यात पाणी घातलं की ते पाऱ्यासारखं गोळा होऊन उताराला लागायचं. बोटानं उकरून बघावं तर अर्ध्या इंचाखाली वाळू कोरडी ठाक. कुजलेल्या पालापाचोळ्यातला मेणचट अंश कणांवर बसतो, म्हणून पाणी आत शिरत नाही. जास्त पाणी सोडणं व्यर्थच. आणि स्प्रिंकलरला आठवड्यातून दोनच दिवस मुभा, जून ते ऑगस्ट तर पूर्ण बंद!

आधी वेटिंग एजंट, म्हणजे पाणी वाळूत मुरायला मदत करणारं औषध, टाकला. फरक लगेच दिसला, पण तो पुन्हा पुन्हा टाकावा लागतो. खरं काम केलं बेंटोनाइट मातीनं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या एका चिकणमातीनं. तिची पूड कोरडी असतानाच वाळूत वीतभर खोल कालवायची, सोबत भरपूर कंपोस्ट, आणि मगच पाणी. आधी ओली झाली तर चिकट गोळे होतात. वर लाकडाच्या जाड सालींचं आच्छादन घातलं. बारीक भुसा नको, पाणी तोच पिऊन बसतो. मेथी-कोथिंबीर आता एप्रिलअखेर पेरते, उन्हाळ्यात भेंडी, तीही ठिबकवर.