तासिकेची शेवटची पाच मिनिटं आधी ठरवा

टाचण, म्हणजे पाठाची आखणी, लिहायला बसलात की सुरुवात प्रस्तावनेपासून करू नका. तासिका संपताना मुलांना द्यायचा प्रश्न आधी लिहा. तो सुचत नसेल, तर आज नेमकं काय शिकवायचं हेच अजून ठरलेलं नाही. ‘अपूर्णांकांची बेरीज समजेल’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज चित्र काढून आणि समच्छेद करून लिहिता येईल’ हे तपासता येतं.

पाचवी-सहावीचा वर्ग, ४० मुलं आणि ३५ मिनिटांची तासिका धरू. शेवटचा प्रश्न: १/४ + १/३ = किती? चित्रासह लिहा.

आता साहित्य. मुंबईच्या मुलांसाठी १२ डब्यांची लोकल हाताशीच आहे. १२ ला २, ३, ४ आणि ६ ने भाग जातो, म्हणून ती इथे चपखल बसते. ए-फोर कागदाच्या लांबीतून २४ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद पट्ट्या कापा. एका कागदातून ७ पट्ट्या निघतात, म्हणजे जोडीला एक याप्रमाणे २० जोड्यांना ३ कागद पुरतात. प्रत्येक पट्टीवर दर २ सेंमीवर रेघ मारली की १२ डबे तयार होतात. हे काम आदल्या दिवशीच उरका. वर्गात कापाकापी काढली तर अर्धी तासिका तिथेच जाते.

पहिली ५ मिनिटं पूर्वज्ञानाची. गाडीचा १/२ भाग म्हणजे किती डबे? १/३ म्हणजे किती? उत्तर पाटीवर लिहून सगळ्यांनी एकदम वर धरायचं. हात वर करायला सांगितलं, तर तीच पाच-सहा मुलं बोलतात आणि मागच्या बाकांवर काय चाललंय ते कळत नाही. ‘समजलं का?’ हा प्रश्न तर टाळाच, त्याला सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद थांबा. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला ‘छेद’ आणि ‘अंश’ हे शब्द मनात जुळवायला तेवढा वेळ लागतोच.

पुढची १० मिनिटं फळ्यावर. १/२ म्हणजे ६ डबे, १/३ म्हणजे ४ डबे, मिळून १० डबे, म्हणजे १०/१२, म्हणजेच ५/६. इथेच शेजारी १५ डब्यांची लोकलही काढा आणि विचारा: दोन्ही गाड्यांचा १/३ भाग सारखाच का? एकीकडे ४ डबे, दुसरीकडे ५. बेरीज करताना ‘पूर्ण’ एकच असावं लागतं, हे मुलांच्या तोंडून येऊ द्या. बहुतेक टाचणांत ही पायरी सुटते आणि मग समच्छेद हा नुसता पाठ करायचा नियम उरतो.

त्यानंतरची १५ मिनिटं जोडीकाम: १/२ + १/४, १/६ + १/३, २/३ + १/४. सगळ्या बाकांवरून एक फेरी मारा, पण लगेच चूक दुरुस्त करू नका. आधी ‘हे कसं काढलंस?’ एवढंच विचारा.

उरलेली ५ मिनिटं शेवटच्या प्रश्नाच्या (१/४ + १/३) चिठ्ठीसाठी. वहीच्या पाव पानावर नाव, उत्तर आणि चित्र. घंटा होण्याआधी गोळा करा, नंतर अर्ध्याच मिळतात. शिक्षक खोलीत दहा मिनिटांत त्यांचे ढीग लावा. ७/१२ म्हणजे बरोबर. २/७ म्हणजे अंशात अंश, छेदात छेद मिळवला. २/१२ म्हणजे छेद समान केला, पण अंश तसाच ठेवला. या दोन चुकांची मुळं वेगळी आहेत, म्हणून दोघांना एकच उजळणी देऊन भागत नाही. २/७ वाल्यांना त्यांच्याच रीतीने १/२ + १/२ करायला लावा. उत्तर २/४ येतं, म्हणजे अर्धा. दोन अर्ध्या मिळून अर्धीच गाडी कशी, हे त्यांना लगेच खटकतं. २/१२ वाल्यांना पट्टी द्या: १/४ म्हणजेच ३ डबे, मग बेरीज २ डबे कशी?

चुकीच्या चिठ्ठ्या दहापेक्षा जास्त असतील, तर दुसऱ्या दिवशी पट्ट्या पुन्हा सगळ्या वर्गाला द्या. कमी असतील, तर बाकीचे सराव करत असताना त्या मुलांना पुढे घेऊन दहा मिनिटं बसा. जुलैतल्या मुसळधार पावसात हजेरी अर्ध्यावर येते. त्या दिवशी नवा घटक सुरू करू नका, चिठ्ठ्यांवरची उजळणी घ्या.

मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदीही याच चिठ्ठ्यांवरून लिहा. ‘प्रगती चांगली’ वाचून पालकांना किंवा पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना काहीच करता येत नाही. ‘छेद समान करते, अंश बदलायला विसरते’ एवढी नोंद पुरते. घटक चाचणी १० गुणांची असेल तर ४ गुण आकडेमोडीला, ४ शाब्दिक उदाहरणांना आणि २ गुण ‘या मुलाचं कुठे चुकलं ते सांगा’ अशा प्रश्नाला ठेवा. दोन आठवड्यांनी तासिकेच्या सुरुवातीला, आधी न सांगता, याच धर्तीचं एक उदाहरण पाटीवर सोडवून घ्या आणि त्या दिवशी चुकलेल्यांची नावं टाचणवहीत त्याच पाठाखाली लिहून ठेवा.